मुक्याची शुश्रूषा

आजारी माणसाची सेवा अवघड असते असे आपण म्हणतो. परंतु एका गोष्टीने ती पुष्कळच सोपी केलेली असते. माणूस बोलतो. डोके दुखते आहे, तोंडाला चव नाही, खिडकी लाव, आता उघड, असे त्याचे अखंड चाललेले असते. कधी कधी ते इतके चालते की सेवा करणाराला दुसऱ्या खोलीत जाऊन घटकाभर उभे राहावेसे वाटते. पण त्या बोलण्याच्याच आधाराने आपण पुढचे पाऊल टाकीत असतो. तान्हे मूल बोलत नाही, पण रडते. गाय हंबरते. कुत्रे पायाशी येऊन पडते आणि अशा काही नजरेने पाहते की त्याचे दुखणे आपल्या पोटात कळते. कासव यांतले काहीच करीत नाही. काल निरोगी असताना ते जसे दिसत होते, तसेच आज आजारी असतानाही दिसते. त्याच्या चेहऱ्यावर कधी हसू नव्हते, म्हणून आता रडूही नाही. दुसऱ्या जिवाची सेवा म्हणजे नेमके काय, हा प्रश्न एका कासवाने माझ्यापुढे जितका उघडा करून ठेवला, तितका माणसांनी कधी ठेवला नव्हता.

आमचे घर श्रीवर्धनला, सुपारीच्या वाडीत. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने या किनाऱ्यावरच्या वाड्या आडव्या केल्या, त्यात आमचीही गेली. ज्या मागीलदारी भर दुपारी दिवा लावावासा वाटे, तिथे आता उन्हाचा एक मोठा तुकडा पडतो. त्या उन्हात माझ्या धाकट्या बहिणीच्या नातवाने एके दिवशी मुंबईहून आणलेला प्लास्टिकचा टब ठेवला. त्याच्या आईवडिलांना दोन वर्षांसाठी परदेशी जायचे होते आणि विमानात कासव नेता येत नव्हते.

"मावशीआजी, याला आजोबा म्हणायचं," त्याने बजावले.

"का रे?"

"मान बघ ना!"

मान खरोखरच सुरकुतलेली होती. आमच्या घरात आधीच एक आजोबा होते. त्यांनी वर्तमानपत्राआडून एकदा टबाकडे पाहिले आणि ते पुन्हा वाचू लागले.

हे कासव आपल्याकडचे नव्हे. त्याच्या डोळ्यामागे तांबडा पट्टा असतो. मूळ वस्ती अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यात. आपली देशी कासवे घरात पाळायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे, म्हणून बाजारात हे परदेशी पाहुणे विकायला येतात. दुकानात ते मोठ्या नाण्याएवढे असते. पुढे ते ताटलीएवढे होते आणि वीस-तीस वर्षे जगते, हे विकणारा सांगत नाही आणि घेणारा विचारीत नाही.

श्रावणात आठ-दहा दिवस सूर्याचे दर्शन नव्हते. आजोबांनी खाणे सोडले. मग त्यांच्या पापण्या सुजल्या. मग ते पाण्यात एका अंगावर कलून तरंगू लागले. खाली जाण्यासाठी पाय मारीत, पण बुडता येत नसे. नाकाशी एखादा बुडबुडा येऊन राही. कासवाची फुप्फुसे पाठीच्या कवचाला लागून असतात. त्यांतले एक बिघडले की सारे शरीर तोल गेलेल्या होडीसारखे कलते. हे मला नंतर कळले. त्या दिवशी एवढेच दिसले की पाण्यात राहणाऱ्या प्राण्याला पाण्यात शिरता येत नाही.

बातमी आळीत पसरली आणि तीन सल्ले मिळाले. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "अहो, कासवाला काय होतंय? शंभर वर्षं जगतं ते!" वाण्याने हिशेब सांगितला, "पाच-सातशे रुपयांत दुसरं येईल. मुलाला कळणारसुद्धा नाही." तिसरे एक सद्गृहस्थ म्हणाले, "खाडीत सोडून द्या. पुण्य लागेल."

पुढे मला असे वाटू लागले की मुक्या जिवाशी वागण्याची जगातली बहुतेक तत्त्वज्ञाने या तीन वाक्यांत आली आहेत. त्याला दुखत नाही. त्याच्या जागी दुसरे आणता येते. आणि त्याला नजरेआड केले की आपण सुटलो.

पहिल्याचे उत्तर सोपे आहे. कासव सावकाश जगते, तसे सावकाश मरतेही. जेवणावाचून ते कित्येक आठवडे तग धरते, म्हणून त्याची उपासमार कोणाच्या लक्षात येत नाही. त्याची पाठ दगडासारखी दिसते, पण ती दगड नव्हे; बरगड्या आणि कणा यांच्याशी एकजीव झालेले ते जिवंत हाड आहे आणि त्यावर बोट ठेवले तर ते त्याला कळते. सोसण्याची शक्ती मोठी असणे म्हणजे दुःख लहान असणे नव्हे. घराघरांतल्या सोशिक माणसांच्या बाबतीत आपण नेमकी हीच गल्लत करीत असतो.

दुसऱ्या सल्ल्याने मला अधिक विचार करायला लावला. मला त्या कासवाचा लळा लागला होता असे म्हणवत नाही. ते मला ओळखत नव्हते, आणि मलाही ते सुंदर वाटत नव्हते. मग डॉक्टर, औषधे, खेपा, हे सारे मी कोणाच्या नात्याने करणार होते? उत्तर मला त्या टबानेच दिले. आपल्या नदीत असते तर हे कासव गारठल्यावर एखाद्या ओंडक्यावर चढून उन्हात बसले असते. त्याच्या रक्ताला स्वतःची ऊब नसते. अन्न पचवायला आणि रोगाशी झुंजायलाही त्याला बाहेरची उष्णता लागते, आणि ती शोधण्याचे शहाणपण त्याच्या अंगी असते. टबाच्या गुळगुळीत भिंतींनी ते शहाणपण निरुपयोगी केले होते. ज्याची वाट आपण अडवली, त्याच्या वतीने ती वाट आपल्याला चालावी लागते. टब मी विकत आणलेला नव्हता. पण तो माझ्या मागीलदारी होता. हे देणे प्रेमातून निघत नाही आणि किमतीवरही ठरत नाही. प्रेम नसले तरी ते द्यावे लागते, म्हणूनच त्याला देणे म्हणायचे.

आणि तिसरे, पुण्याचे? गोड्या पाण्याचे ते आजारी कासव खाऱ्या खाडीत टिकले नसते. बरे करून विहिरीत किंवा तळ्यात सोडले असते तर ते टिकले असते, आणि तेही वाईटच. ही जात जिथे सोडली जाते तिथल्या मूळ कासवांची बसायची जागा आणि अन्न बळकावते. याच कारणाने युरोपीय संघाने १९९७ साली तिची आयात बंद केली. म्हणजे पुण्य माझ्या पदरी आणि भोग तळ्यातल्या रहिवाशांना. 'सोडून देणे' या शब्दाला आपल्याकडे वैराग्याचा वास आहे, पण पुष्कळदा त्याचा अर्थ निव्वळ टाकून देणे असा असतो.

तालुक्याच्या जनावरांच्या डॉक्टरांनी टब टेबलावर ठेवून घेतला आणि प्रांजळपणे सांगितले, "बाई, गाई-म्हशी, शेळ्या, कोंबड्या खूप पाहिल्या. कासव पहिलंच." त्यांनी मुंबईच्या एका वर्गमित्राला फोन लावला आणि अर्धा तास उभ्यानेच टिपणे काढली. मग पुढच्या पायात एक इवलेसे इंजेक्शन दिले. दुसरे तीन दिवसांनी द्यायचे. मी म्हटले, रोज दिले तर लवकर बरे नाही का वाटणार? ते म्हणाले, "याचं शरीर औषधसुद्धा सावकाश वापरतं. आपल्या घड्याळानं गेलो तर औषधच मारील. याच्या घड्याळानं चालावं लागेल."

ते घड्याळ दीड महिना आमच्या घरात चालले. पाणी इतके उथळ की मान बाहेर राहील, ते अठ्ठावीस-तीस अंश कोमट, वर दिवा, चढून बसायला कोरडी फळी. ऊन पडलेच तर थेट ऊन, कारण हाडांना ज्या किरणांची गरज असते ते खिडकीच्या काचेतून येत नाहीत. टबाला हात लावला की साबणाने हात धुवायचे. कासवाच्या अंगावर साल्मोनेलाचे जंतू असू शकतात. लहान मुले कासवे तोंडात घालून आजारी पडू लागली, तेव्हा १९७५ साली अमेरिकेने चार इंचांहून लहान कासवांची विक्रीच बंद केली. आणि दर रविवारी वाण्याच्या तराजूवर वजन. ते मी कालनिर्णयाच्या चौकटीत, दुधाच्या हिशेबाशेजारी लिहीत असे. सहाशे चाळीस, सहाशे पंचवीस, सहाशे पंधरा. ज्याने एक शब्द उच्चारला नाही त्याचे ते बोलणे होते. त्यात तक्रार होती, आणि ती खरी होती.

त्या दिवसांत 'शुश्रूषा' या शब्दाचा मला नव्याने अर्थ लागला. जन्मभर शाळेत मी तो मुलांना शिकवला: शुश्रूषा म्हणजे सेवा. पण मूळ धातू 'श्रु', म्हणजे ऐकणे. शुश्रूषा म्हणजे ऐकण्याची इच्छा. गुरूचे शब्द ऐकावे म्हणून शिष्य त्याच्याजवळ राहतो, पाणी भरतो, पाय चेपतो, आणि अशा रीतीने ऐकू इच्छिणे याचाच अर्थ सेवा करणे असा झाला. आपण मात्र तो उलटा केला आहे. सेवा म्हणजे देणे, असे आपण धरून चालतो. कोणी आजारी आहे असे कळले की आपले हात आधी पुढे होतात आणि कान मागे राहतात.

आजोबांच्या आजारात आळीतल्या मंडळींचे हात असेच पुढे झाले. कोणी दुधात भिजवलेली पोळी आणली, कोणी साखरफुटाणे, कोणी प्रसादाचा शिरा. पापण्यांची सूज जीवनसत्त्व 'अ' कमी पडल्याने आली असावी असे डॉक्टरांनी सांगितल्यावर एका उत्साही नातलगाने ते औषध दुप्पट द्यायला सुचवले. पण तेच प्रमाणाबाहेर गेले तर कासवाची कातडी सोलून निघते. या सर्वांच्या मनात दया होती यात शंका नाही. पण ती दया देणाऱ्याच्या भुकेतून आलेली होती, घेणाऱ्याच्या नव्हे. कासवाच्या बाबतीत आपले हे नेहमीच होते. दिवाणखान्यात पाण्याच्या ताटलीत पितळी कासव ठेवले तर लक्ष्मी येते म्हणतात. वीस नखांचे कासव सापडले तर गुप्तधन मिळते, या वेडापायी आजही चोरटा व्यापार चालतो. कासवाची नखे मोजणारे पुष्कळ, त्याचे श्वास मोजणारे थोडे.

आपल्या संतांना कासवीचा दृष्टान्त फार प्रिय होता. कासवीला पान्हा नसतो. ती पैलतीरावर राहून ऐलतीरावरच्या पिलांना नुसत्या कृपादृष्टीने वाढवते, अशी ती कल्पना. प्राणिशास्त्र हे मान्य करीत नाही. कासवी वाळूत खड्डा करते, अंडी घालते, खड्डा बुजवते आणि निघून जाते. आपली पिले ती कधी पाहतही नाही. पण कासवाच्या आईबद्दल खोटी ठरलेली ही गोष्ट कासवाची काळजी घेणाराबद्दल खरी आहे. त्याला गोंजारता येत नाही. सारखे उचलले की ते भेदरते. करायचे ते थोडेच असते, आणि पाहायचे पुष्कळ. सेंट हेलेना बेटावर, जिथे नेपोलियन मेला, तिथे १८८२ साली आणलेले जोनाथन नावाचे एक प्रचंड कासव आहे. म्हातारपणी त्याचे डोळे गेले, वासही येईनासा झाला. ते चरताना दिसे, म्हणून खात असेल असेच सर्वांना वाटे. जो हॉलिन्स या पशुवैद्याने मात्र पाहिले की त्याची चोच बोथट झाली आहे, म्हणजे त्याच्या पोटात पोषण जात नाही. त्याने ठरावीक दिवशी स्वतःच्या हाताने फळे-भाज्या भरवायला सुरुवात केली आणि चोचीला पुन्हा धार आली. कासव बोलले नव्हते. चोच बोलली होती.

एकदा मासळी घेऊन आलेले कोळीवाड्यातले एक वृद्ध तांडेल टबापाशी थांबले. "बाई, हे दर्यातलं नाही," ते म्हणाले. "याला पाय आहेत. आमच्याला वल्ही असतात." जाळ्यात कासव आले तर ते नमस्कार करून सोडून देतात. मग ते म्हणाले, "पण पावसाळ्यात किनाऱ्याला लागतं ना, त्याला लोक परत लाटेत ढकलतात. त्याला पोहायचं बळ असतं तर ते आलंच कशाला असतं?"

शुश्रूषेची कसोटी या दुसऱ्या कासवाजवळ अधिकच कठीण होते. आमच्या किनाऱ्यावर दिवेआगर, हरिहरेश्वर या भागात ऑलिव्ह रिडले जातीच्या कासविणी थंडीत अंडी घालायला येतात. पावसाळ्याच्या उसळत्या लाटांबरोबर मात्र जखमी कासवे येतात. समुद्रात टाकून दिलेल्या जाळ्यांनी कोणाचे वल्हे कापलेले असते. कोणाला आजोबांसारखेच बुडता येत नसते, ते वरच्या वर तरंगत किनाऱ्याला लागते. जमलेला घोळका त्याला मोठ्या कळवळ्याने समुद्रात ढकलतो, टाळ्या वाजवतो आणि घरी जातो. खरे म्हणजे त्याला सावली हवी असते. पाठीवर ओले फडके हवे असते, नाकपुड्या मोकळ्या ठेवून. कुत्री आणि गर्दी दूर हवी असते, आणि कोणीतरी वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करायला हवा असतो. वन विभाग आणि एक स्वयंसेवी संस्था यांनी डहाणूला अशा कासवांसाठी उपचार केंद्र चालवले आहे. तिथे ती बरी होतात ती परत जाण्यासाठी. तीन वल्ह्यांवरही कासव समुद्रात जगू शकते, आणि तसे जगू शकेल असे दिसले की त्याला सोडायचे असते, कितीही जीव जडला असला तरी.

हीच मर्यादा पिलांच्या बाबतीतही पाळतात. बाणकोट खाडीपलीकडे वेळासला २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने अंड्यांची राखण सुरू केली. त्याआधी ती खणून खाल्ली किंवा विकली जात. आता अनेक गावांत घरटी कुंपणात सुरक्षित ठेवतात, सकाळ-संध्याकाळ पाहतात. पण पिले निघाली की त्यांना उचलून पाण्यात टाकीत नाहीत. पाण्यापासून काही अंतरावर वाळूत ठेवतात आणि चालू देतात. तेवढी वाट त्यांची असते. पुढे ती कुठे जातील याचा अंदाज कोणी करू नये. २०२१ च्या मार्चमध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर जिच्या वल्ह्याला क्रमांकाचा बिल्ला लावला होता अशी एक कासवीण २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालताना आढळली. मधले अंतर सुमारे साडेतीन हजार किलोमीटर.

तेव्हा देणी दोन आहेत. ज्याची वाट आपण बंद केली, त्याच्या वतीने चालायचे; ज्याची वाट उघडी आहे, त्याच्या वाटेतून बाजूला व्हायचे. आपले कोणते देणे आहे हे आपल्या कळवळ्याला समजत नाही. ते त्या जिवाकडे पाहूनच कळते.

तुम्ही म्हणाल, माणसे औषधावाचून तळमळत असताना कासवाला इंजेक्शने! हा आक्षेप मला खोडून काढता येत नाही. पैसा आणि वेळ ही मोजकी असतात, आणि एकाला दिली की दुसऱ्याची कमी होतात. म्हणून मी डॉक्टरांशी एक मर्यादा ठरवली होती. सात इंजेक्शनांनंतर काहीच फरक पडला नाही तर मुंबईच्या फेऱ्या करायच्या नाहीत; त्याला वेदनेवाचून मरण द्यायचे. १९२८ साली साबरमतीच्या आश्रमातल्या एका असाध्य आजारी वासराला गांधीजींनी इंजेक्शन देववून मरण दिले, तेव्हा देशभर केवढे काहूर उठले होते! त्या वासराचे हाल निदान सर्वांना दिसत होते. माझ्यापुढच्या जिवाला यातना किती आहेत हे मला कोण सांगणार होते? मारायचे ठरवले तरी आधी ऐकावे लागते, हे त्या रात्री माझ्या ध्यानात आले. ऐकल्यावाचून वाचवणे आणि ऐकल्यावाचून मारणे, दोन्ही एकाच बहिरेपणाची रूपे आहेत.

पाचव्या इंजेक्शनानंतरच्या रविवारी वजन पूर्वीच्या रविवारीइतकेच भरले. सहाव्यानंतर पाच ग्रॅम वाढले. घरातल्या खऱ्या आजोबांनी वर्तमानपत्र खाली ठेवून "किती?" असे विचारले. गणपतीनंतर एका सकाळी दुसऱ्यांनी गाजराचा तुकडा तोंडात घेतला.

देवळात गाभाऱ्यासमोर दगडी कासव असते. अवयव आत ओढून घेणाऱ्या कासवाप्रमाणे ज्याने इंद्रिये आवरली तो स्थितप्रज्ञ, असे गीता सांगते, आणि त्याच्यापुढे आपण वाकतो. मला मात्र त्या दीड महिन्यात मान बाहेर काढणाऱ्या कासवाचेच महत्त्व अधिक वाटले.

आजोबांचा डावा डोळा थोडा धूसर राहिला आहे. ऊन पडले की ते फळीवर चढतात आणि मागचे पाय लांब करून बसतात. एवढ्या सेवेनंतर ते मला ओळखत असतील असे पाहुण्यांना वाटते. तसे काही नाही. दाराशी माझी चाहूल लागली की ते घाईघाईने फळीवरून पाण्यात उडी टाकतात, सरळ तळाला जातात आणि मी जाईपर्यंत वर येत नाहीत. पाहुणे हिरमुसतात. मी दाराशीच थांबते आणि त्यांना नीट बुडता येते आहे ना, एवढे पाहून घेते.